साडेतीन हजारांच्या खाली

पहाटे पाचला हैदराबाद रोड आपल्या बापाचा असतो.
मुबीन चालवतो, मी मागे,
लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत,
वायर माझ्या बगलेतून सीटखाली गेलेली.
बोरामणीपर्यंत जायचं, चहा प्यायचा, वळायचं.
यंत्र सेकंदाला वीस ओळी लिहितं:
फेरे, थ्रॉटल, तापमान, हवा, पेट्रोल.
आम्ही दोघं काहीच बोलत नाही.

मग अशोक चौकामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
त्या ओळी उघडतो.
पडद्यावर घरंच घरं. आडवे फेरे, उभा थ्रॉटल,
घरागणिक एक आकडा:
इथे असशील तर एवढं पी.
नायनांनी हे एकदाच पाहिलं होतं.
"आपलंच काम की रे हे," म्हणाले.
चाळीस वर्षं ते चादरीची नक्षी आलेखावर भरत आले,
लाल पेन्सिलीनं, घर न् घर,
मग तेच पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकांनी.
भोक असलं की दोरा उठतो,
नसलं की खाली राहतो.
मोराची मान एवढ्यावर वळते.

मुबीनची तक्रार अशी:
नवा सायलेन्सर बसल्यापासून
साडेतीन हजारांच्या खाली गाडी खोकते
आणि थ्रॉटल सोडला की फटाके.
"वरात बे, रोजची. फक्त नवरी नाही."

लॉग म्हणाला, पेट्रोल कमी.
चौदा-सात हवं तिथे सोळा.
त्या सहा घरांत मी चार टक्के वाढवले.
बोरामणी. सोळा.
आठ टक्के. बोरामणी.
बारा.
चहावाला आता न विचारता दोन कप ठेवतो.
आकडा जागचा हलेना,
जणू मी ओततोय ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीत.
"टाकी चार दिवस जायची," मुबीन म्हणाला,
"आता दोनच दिवसांत खडखडाट."
प्लग काढला. काजळाची डबी.
मी प्लगकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.
दोघांतला एक खोटं बोलत होता
आणि मला सवय पडद्याचं ऐकायची.

नायनांना ऐकू येत नाही. कान मागांनी नेले,
साखर पेठेतल्या एका खोलीत, आठ-आठ माग एकदम.
ते जेवायला बोलवायला आले होते.
गाडी चालू होती.
का कोण जाणे, खाली बसले
आणि इंजिन-सायलेन्सरच्या सांध्यासमोर हात धरला,
चार बोटं अंतरावर,
झोपलेल्या तान्ह्याच्या नाकापाशी धरावा तसा.
"वारं लागतंय इथं."

तांब्याचं वॉशर. चाळीस रुपयांचं.
नव्या सायलेन्सरला जुनंच लावलेलं, दबून चपटं झालेलं.
लावलं कुणी? मीच.
त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती
आणि पुढे बसलेला सेन्सर इमानदारीनं तीच मोजत होता,
चव्वेचाळीस डिग्रीतलं अख्खं सोलापूर.

नायना बोलतात ते ओरडूनच.
"फुलाची पाकळी चुकली की पोरं पत्ता बदलायला पळायची!
मी म्हणायचो, आधी दोरा बघा, तुटलाय का!"
पलीकडच्या टायरवाल्यानंही मान डोलावली.

वॉशर बदललं.
बारा, आठ, चार: तिन्ही वेळचं शहाणपण
एका बटनासरशी पुसलं.
त्यांच्या काळी चुकलेलं भोक बुजवायला
खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचे,
वाळेपर्यंत माग बंद,
आणि मालक दारात घड्याळ बघत उभा.

शेवटच्या फेरीत चौदा-सहा. चौदा-आठ.
एका घरात मी दोन टक्के जादा ठेवले,
उन्हाळा आहे म्हणून.
वॉशरचे पैसे मुबीनकडून घेतले नाहीत,
"राहू दे बे," म्हणालो, मोठ्या मनाचा असल्यासारखा.

नायनांनी परत सांध्यापाशी हात धरला.
बराच वेळ.
मग तो लुंगीला पुसला
आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले,
"आमटी गार झाली."